टीएमटी अधिक अचूक कशी होते? स्ट्रेस टेस्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीएमटी (ट्रेडमिल टेस्ट) म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी पाहणारी स्ट्रेस टेस्ट. तिच्या खोलीतून बाहेर पडताना जवळजवळ प्रत्येक जण एकच विचारतो, "डॉक्टर, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?" विचारणं साहजिक आहे. पण त्या एका शब्दापायी या चाचणीतली बरीचशी माहिती वाया जाते, आणि मग "टीएमटीवर काही भरवसा नाही" असा शेराही तिलाच ऐकावा लागतो. ही चाचणी कोणाची करायची, कशी करायची आणि तिच्यात काय काय वाचायचं, या तीन गोष्टी नीट केल्या तर तेच यंत्र कितीतरी जास्त सांगतं. रुग्ण आणि नातेवाईक नेहमी जे विचारतात त्याची उत्तरं इथे दिली आहेत. आपल्या औषधांचा आणि तपासण्यांचा निर्णय मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

पट्ट्यावर चालवून हृदयातला ब्लॉकेज कळतो तरी कसा?

ब्लॉकेज दिसत नाही, त्याचा परिणाम दिसतो. हृदयाची धमनी बरीच अरुंद झाली तरी माणूस स्वस्थ बसलेला असताना तेवढं रक्त पुरतं. चढावर भरभर चालायला लागलं की ठोके वाढतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाच्या स्नायूची ऑक्सिजनची मागणी कितीतरी पटींनी वाढते. अरुंद धमनीला तेवढा पुरवठा जमत नाही. तुटवडा सगळ्यात आधी स्नायूच्या आतल्या थराला जाणवतो आणि ईसीजीमधला एस-टी भाग (प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतरचा रेषेचा तुकडा) खाली सरकतो. ही रेषा किमान १ मिलिमीटर खाली गेली, ती सपाट किंवा उतरती राहिली आणि लागोपाठच्या ठोक्यांमध्ये तशीच दिसली, तर तिला पॉझिटिव्ह म्हणतात. रेषा खाली जाऊन लगेच चढत असेल तर त्याला सहसा तेवढं महत्त्व नसतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. कोणत्या लीडमध्ये (ईसीजीत एकेका बाजूने घेतलेल्या नोंदीत) रेषा खाली गेली, त्यावरून कोणती धमनी बंद आहे ते सांगता येत नाही. छातीच्या डाव्या बाजूची व्ही-५ ही सगळ्यात जास्त बोलणारी लीड आहे, त्यामुळे दोष कुठेही असला तरी बदल बहुधा तिथेच दिसतात.

मग ही टेस्ट किती टक्के बरोबर असते?

१९८९ मध्ये १४७ अभ्यासांतल्या सुमारे २४,००० रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. सरासरी अशी निघाली: ज्यांच्या धमन्यांत खरोखर अडथळा होता, त्यांपैकी ६८ टक्के लोकांची टेस्ट पॉझिटिव्ह आली, आणि ज्यांच्यात अडथळा नव्हता, त्यांपैकी ७७ टक्के लोकांची निगेटिव्ह. हेच आकडे अजून सगळीकडे सांगितले जातात.

पण त्यांत एक मेख आहे. टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्यांनाच प्रामुख्याने अँजिओग्राफीला पाठवलं जातं आणि निगेटिव्हवाले घरी जातात, त्यामुळे हुकलेले रुग्ण मोजणीत येतच नाहीत. १९९८ च्या एका अभ्यासात ८१४ पुरुषांनी दोन्ही तपासण्या करून घ्यायला आधीच होकार दिला होता. तिथे आकडे निघाले ४५ टक्के आणि ८५ टक्के. म्हणजे नुसता एस-टी पाहिला तर निम्म्याहून जास्त रुग्ण सुटले, मात्र निरोगी माणसाला उगाच रुग्ण ठरवण्याचं प्रमाण समजत होतो त्यापेक्षा कमी निघालं. तिन्ही धमन्यांचा किंवा मुख्य डाव्या धमनीचा आजार ही टेस्ट बऱ्यापैकी पकडते. एकाच धमनीतला अडथळा, त्यातही मागच्या बाजूच्या सर्कम्फ्लेक्स धमनीतला, बऱ्याचदा निसटतो.

माझी आणि माझ्या भावाची टेस्ट सारखीच पॉझिटिव्ह आली. त्याला अँजिओग्राफी सांगितली, मला नाही. असं का?

या सगळ्या विषयाचं मर्म याच प्रश्नात आहे, म्हणून जरा आकडेमोड करू. वरचेच ६८ आणि ७७ टक्के धरू.

समजा, कसलाही त्रास नसलेली १,००० तरुण माणसं आहेत आणि त्यांपैकी फक्त ५० जणांना आजार आहे. त्या ५० पैकी ३४ जणांची टेस्ट पॉझिटिव्ह येईल. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी २३ टक्के, म्हणजे सुमारे २१९ जणांचीही पॉझिटिव्ह येईल. एकूण पॉझिटिव्ह २५३, त्यांतले खरे ३४. शंभरातले जेमतेम १३.

आता अशी १,००० माणसं घ्या, ज्यांना चालताना छातीत जड वाटतं आणि ज्यांच्यापैकी निम्म्यांना आजार आहे. खरे पॉझिटिव्ह ३४०, खोटे ११५. इथे शंभर पॉझिटिव्हमागे ७५ खरे. यंत्र तेच, पट्टा तोच, कागदही तोच, फक्त माणसं बदलली.

उलट टोकही पाहू. वय, मधुमेह, धूम्रपान आणि नेमकी तशीच छातीची वेदना, असं सगळं जमून आलेल्या १,००० लोकांत ९०० जणांना आजार असेल, तर टेस्ट निगेटिव्ह आलेल्या ३६५ जणांपैकी २८८ जण प्रत्यक्षात आजारी असतील. तिथे "निगेटिव्ह" म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणं धोक्याचं आहे.

डायमंड आणि फॉरेस्टर या संशोधकांनी १९७९ मध्ये वय, लिंग आणि दुखण्याचा प्रकार यांवरून, टेस्टच्या आधीच आजार असण्याची ही शक्यता मोजण्याची रीत मांडली. त्यांचे आकडे आजच्या रुग्णांना जास्तीचे ठरतात, म्हणून नंतर ते सुधारले गेले. विचार मात्र तसाच टिकून आहे. अचूकता वाढवायचा पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय टेस्टच्या खोलीबाहेर आहे: रुग्णाला खुर्चीत बसवून "नेमकं कुठे दुखतं, कशाने वाढतं, थांबलं की किती वेळात जातं" हे शांतपणे विचारणं.

मला काहीच त्रास नाही. तरी एकदा करून घेऊ का?

बहुतेकांना गरज नाही. वरची १३ टक्क्यांची आकडेमोड तुम्हालाच लागू होते. एक खोटा पॉझिटिव्ह आला की रात्रीची झोप जाते आणि पुढच्या तपासण्यांची रांग लागते.

टेस्टच्या आधी गोळ्या बंद करायच्या का?

आपल्या मनाने एकही नाही. बीटा ब्लॉकर गटातली गोळी ठोके वाढू देत नाही, त्यामुळे हृदयावर पुरता ताण येत नाही आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून निदानासाठी टेस्ट असेल तर डॉक्टर ती साधारण एक-दोन दिवस आधी थांबवायला सांगतात, काही रुग्णांत हळूहळू कमी करून. अचानक बंद केल्याने छातीत दुखणं उसळू शकतं, म्हणून हा निर्णय त्यांचाच. आजार आधीच माहीत असेल आणि औषधांनी तो कितपत आटोक्यात आहे एवढंच पाहायचं असेल, तर गोळ्या चालू ठेवूनच टेस्ट करतात. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधामुळे मात्र उलटं होतं: धमन्या ठीक असतानाही एस-टी खाली जातो, आणि हा परिणाम एक-दोन दिवसांत जात नाही.

सोबत सगळ्या गोळ्यांची यादी आणा. आधीचे दोन-तीन तास पोट हलकं ठेवा आणि चालायचे बूट घालून या.

माझा साधा ईसीजीच बिघडलेला आहे. तरी टीएमटी चालेल?

बऱ्याचदा नाही, आणि हे टेस्टच्या आधी कोणीतरी पाहायला हवं. लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयातल्या डाव्या विद्युतमार्गातला अडथळा), पेसमेकरचे ठोके, डब्ल्यूपीडब्ल्यू (हृदयात जन्मतः असलेला जादा विद्युतमार्ग) किंवा बसल्याजागीच एस-टी १ मिलिमीटरहून जास्त खाली, यांपैकी काही असेल तर व्यायामातल्या बदलांवरून निदान करता येत नाही. अशांना इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा न्यूक्लियर स्कॅनच्या (किरणोत्सारी औषध टोचून हृदयाचा रक्तपुरवठा दाखवणाऱ्या तपासणीच्या) जोडीने ताण देऊन पाहावं लागतं. उजव्या विद्युतमार्गातला अडथळा (राइट बंडल ब्रांच ब्लॉक) असेल तर पहिल्या तीन छातीच्या लीड सोडून बाकीच्या वाचता येतात. रक्तदाबामुळे जाड झालेलं हृदय, रक्तक्षय, पोटॅशियमची कमतरता यांनीही खोटा पॉझिटिव्ह येतो. रक्तक्षय आणि पोटॅशियम आधी सुधारता येतात, मग ते तसेच ठेवून टेस्ट का करायची?

चिकट बटणं लावण्याआधी छाती एवढी का घासतात?

कारण रेषा स्वच्छ हवी. १ मिलिमीटर म्हणजे ईसीजीच्या कागदावरचा सगळ्यात छोटा चौकोन. घाम, केस आणि कातडीवरचा मृत थर यांमुळे धावताना रेषा लाटेसारखी वरखाली होते, आणि त्या लाटेतून एक छोटा चौकोन शोधायचा असतो. केस काढणं, स्पिरिटने पुसणं, हलकेच खरवडणं आणि वायर नीट बांधणं यांत पाच मिनिटं जातात. घाईच्या दिवशी नेमकी हीच पाच मिनिटं वाचवली जातात, आणि मग सातव्या मिनिटाला सगळे जण पडद्याकडे बघत बसतात की हा एस-टी आहे की हलणारी वायर. थोडी आग झाली तरी चालेल, पण ते करू द्या.

पट्ट्यावर भीती वाटते. समोरचा कठडा धरला तर चालेल ना?

तोल सांभाळायला दोन बोटं टेकवा, पण अंगाचा भार टाकू नका. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी पाचव्या-सहाव्या मिनिटाला हात हळूच घट्ट होतात, कोपरं ताठ होतात आणि शरीर मागे झुकतं. त्या क्षणापासून पायांचं काम हातांनी उचललेलं असतं. यंत्र मात्र वेग आणि चढ यांवरून हिशेब करतं आणि छापतं "१० मेट". प्रत्यक्षात हृदयाने तेवढं काम केलेलंच नसतं.

मेट म्हणजे स्वस्थ बसल्यावर लागणाऱ्या ऑक्सिजनचं एक माप, दर किलोला मिनिटाला ३.५ मिलिलिटर. हृदयतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सुरुवात ताशी सुमारे २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, मग ४ किलोमीटर आणि १२ टक्के, पुढे साडेपाच किलोमीटर आणि १४ टक्के. या पायऱ्या मोठ्या आहेत. वयस्क किंवा अशक्त माणसाला थेट पहिल्या पायरीवर चढवलं तर हृदय बोलायच्या आधी पाय बोलतात. त्यांच्यासाठी बिनचढाची सुरुवात असलेली सुधारित ब्रूस पद्धत, किंवा हळूहळू सलग वाढणारा रॅम्प बरा. साधारण ८ ते १२ मिनिटांत माणूस खरा दमेल अशी पद्धत निवडावी.

ठरलेल्या ठोक्यांच्या ८५ टक्क्यांना पोचलो की टेस्ट पुरी झाली ना?

अचूकता बुडवणारी ही फार रुळलेली सवय आहे. "२२० वजा वय" हे वयानुसार जास्तीत जास्त ठोके सांगणारं सरासरीचं सूत्र आहे आणि एकेका माणसात १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. ६० वर्षांच्या व्यक्तीसाठी ते १६० सांगतं. २००१ चं तनाका यांचं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, १६६ सांगतं. स्त्रियांसाठी २०१० मध्ये आलेलं २०६ वजा वयाच्या ०.८८ पट हे सूत्र सुमारे १५३. मग कोणत्या आकड्याचे ८५ टक्के धरणार?

८५ टक्क्यांच्या आत थांबलेली आणि काही न दिसलेली टेस्ट "निगेटिव्ह" नसते, "अपुरी" असते, आणि रिपोर्टवर तसं लिहायला हवं. पण ८५ टक्के आले म्हणून पट्टा बंद करणंही चूक. धोक्याची खूण नसेल तर माणूस "आता खरंच होत नाही" म्हणेपर्यंत चालू द्यावं. कित्येकदा पहिला बदल शेवटच्या मिनिटात दिसतो. आणि बीटा ब्लॉकर चालू नसताना ठोके वाढतच नसतील, तर तो स्वतःच एक इशारा आहे.

चालणं संपल्यावरही इतका वेळ का झोपवून ठेवतात?

काहींचा एस-टी विश्रांतीतच खाली जातो. आडवं झाल्यावर हृदयाकडे परतणारं रक्त वाढतं, स्नायूवरचा ताण वाढतो आणि दडलेला बदल वर येतो. हळूहळू चालत थांबलं तर बरं वाटतं, पण हाच बदल पुसट होऊ शकतो. म्हणून सहा ते आठ मिनिटं, किंवा सगळं मूळ जागी येईपर्यंत, ईसीजी चालू ठेवायचा. तारा काढायची घाई करू नका, आणि कोणी करत असेल तर विचारा.

एस-टीशिवाय आणखी काय पाहतात?

पुष्कळ काही. माझ्या मते टेस्टची खरी किंमत इथे आहे.

ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला स्कोअर कागदावर अर्ध्या मिनिटात निघतो. ब्रूस पद्धतीने किती मिनिटं चाललात ते घ्या. त्यातून एस-टी जितके मिलिमीटर हलला त्याच्या पाचपट वजा करा. मग छातीत दुखलंच नाही तर ०, दुखलं तर ४, आणि दुखण्यामुळे थांबावं लागलं तर ८ वजा करा. उत्तर ५ किंवा जास्त म्हणजे कमी धोका, उणे ११ किंवा त्याखाली म्हणजे जास्त, मधलं मध्यम.

दोन माणसं घेऊ. पहिला ११ मिनिटं चालला, एस-टी १ मिलिमीटर खाली, वेदना नाही: ११ वजा ५ म्हणजे ६. दुसरा ४ मिनिटं चालला, एस-टी २ मिलिमीटर खाली आणि छाती दुखून थांबला: ४ वजा १० वजा ८ म्हणजे उणे १४. दोघांच्याही कागदावर "पॉझिटिव्ह". पण १९९१ मध्ये छापलेल्या अभ्यासात कमी धोक्याच्या गटातले ९९ टक्के लोक चार वर्षांनी हयात होते, आणि जास्त धोक्याच्या गटातले ७९ टक्के. दोघांना एकच शब्द देऊन कसं चालेल?

दुसरी गोष्ट म्हणजे थांबल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किती उतरतात. १९९९ च्या अभ्यासात, टेस्टनंतर सावकाश चालत थांबलेल्यांमध्ये ही घट १२ किंवा त्याहून कमी असेल तर पुढच्या वर्षांतला मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. लगेच आडवं केलं तर ही मर्यादा बदलते, म्हणून कसं थांबवलं तेही नोंदवावं. तिसरी गोष्ट व्यायामाची क्षमता. २००२ च्या एका मोठ्या अभ्यासात दर एका जादा मेटमागे जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. आणि चौथी, चालताना रक्तदाब वाढण्याऐवजी उतरणं. ते दिसलं की टेस्ट तिथेच थांबवायची असते.

संगणकाने छापलेला रिपोर्ट पुरेसा नाही का?

नाही. यंत्र अनेक ठोक्यांची सरासरी काढून गुळगुळीत रेषा दाखवतं. मूळ रेषा डगमगत असेल तर सरासरीत खोटाच एस-टी तयार होऊ शकतो. आधी मूळ नोंद पाहायची, मग सरासरी.

स्त्रियांमध्ये ही टेस्ट चुकते, असं ऐकलं. खरं आहे?

अर्धं खरं. स्त्रियांमध्ये नुसत्या एस-टीवरून खोटे पॉझिटिव्ह जास्त येतात. पाळी थांबण्याआधीच्या वयात आजाराची शक्यता मुळात कमी असते, हे त्याचं एक मोठं कारण. पण म्हणून टेस्ट टाकाऊ ठरत नाही. चांगलं चालू शकणाऱ्या, साधा ईसीजी ठीक असलेल्या स्त्रियांमध्ये २०११ च्या एका चाचणीत थेट न्यूक्लियर स्कॅन आणि आधी साधी टीएमटी अशी तुलना झाली. दोन वर्षांनंतरच्या निकालांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मला जास्त काळजी वाटते ती उलट चुकीची: बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की "बायकांत असं येतंच" म्हणून सोडून देणं. पाच मेटही न झेपणाऱ्या, चालताना धाप लागणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत असं बोलणं घातक आहे.

जादा लीड लावून किंवा नवी सूत्रं वापरून फायदा होतो का?

थोडा, पण हुरळून जाऊ नये. छातीच्या उजव्या बाजूला जादा लीड लावल्यावर जास्त रुग्ण पकडले गेल्याचं १९९९ मध्ये छापून आलं होतं. नंतरच्या सगळ्यांना तसंच यश मिळालं नाही. ठोक्यांच्या वाढीच्या तुलनेत एस-टी किती खाली गेला हे मोजणारा निर्देशांक तर्काला धरून आहे आणि सीमारेषेवरच्या रिपोर्टमध्ये उपयोगी पडतो.

गुडघे दुखतात, चालवतच नाही.

मग ओढूनताणून चालू नका. सायकल किंवा औषध देऊन केलेली ताणाची तपासणी करता येते.

टेस्ट निगेटिव्ह आली आणि महिन्याभरात अटॅक आला. मग टेस्ट चुकली का?

हे ऐकताना वाईट वाटतं, आणि उत्तर सरळ द्यायला हवं: काही वेळा चुकलेली असते, पण बऱ्याचदा टेस्टने तिचं काम बरोबर केलेलं असतं. ती रक्तप्रवाह अडतो का ते पाहते. अटॅक पुष्कळदा अशा चरबीच्या थरामुळे येतो, ज्याने धमनी फारशी अरुंद केलेलीच नसते. तो थर फाटतो, त्यावर गुठळी होते आणि धमनी अचानक बंद पडते. फाटण्याच्या आदल्या दिवशी ट्रेडमिलवर काहीच दिसलं नसतं. म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे सिगारेट, साखर आणि रक्तदाब यांना माफी नाही, आणि नव्याने छातीत दुखलं तर जुना रिपोर्ट दाखवत घरी बसायचं नाही.

मग थेट सीटी अँजिओग्राफीच का करू नये?

बऱ्याच रुग्णांत तीच योग्य. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१० मध्येच, आधी आजार माहीत नसलेल्यांत स्टेबल अँजायनाचं (श्रम केल्यावर छातीत येणाऱ्या ठरावीक दुखण्याचं) निदान साध्या टीएमटीवर करू नये असं सांगितलं, आणि युरोपच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनीही चित्र दाखवणाऱ्या तपासण्यांना पहिला मान दिला. स्कॉट-हार्ट या अभ्यासात नेहमीच्या तपासणीला सीटीची जोड दिलेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅकचं प्रमाण २.३ टक्के होतं, दुसऱ्या गटात ३.९ टक्के. थर दिसले, म्हणून वेळेवर औषधं सुरू झाली.

पण सीटीत धमनी दिसते, माणूस चढ चढताना काय होतं ते दिसत नाही. किती चालवतं, कशाने थांबतो, दाब आणि ठोके कसे वागतात हे टीएमटीच सांगते, तेही किरणोत्सर्गाशिवाय आणि रंगद्रव्याशिवाय. माझ्या मते दोन्हींना एकमेकांच्या विरोधात उभं करणं व्यर्थ आहे. मध्यम शक्यतेच्या रुग्णात टीएमटी अधांतरी राहिली की सीटी किंवा स्ट्रेस इको करावा, आणि सीटीत मधलाच अडथळा निघाला तर ताण देऊन पाहावं.

टेस्टमध्येच काही झालं तर?

रुग्ण नीट निवडले तर धोका फार कमी. १९७१ च्या पाहणीत १,७०,००० टेस्टमध्ये १६ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे १०,००० मागे साधारण १. बसल्याजागी छातीत दुखत असेल, नुकताच अटॅक आला असेल किंवा महाधमनीची झडप फार अरुंद असून त्रास होत असेल, तर टेस्ट करत नाहीत.

चांगल्या रिपोर्टमध्ये काय काय असावं?

टेस्ट कशासाठी केली, कोणत्या गोळ्या चालू होत्या, कोणती पद्धत, किती मिनिटं, किती मेट, जास्तीत जास्त ठोके आणि दाब, का थांबवलं, छातीत दुखलं का, एस-टी किती हलला, कोणत्या मिनिटाला हलला आणि विश्रांतीत किती वेळाने परतला, पहिल्या मिनिटात ठोके किती उतरले, ड्यूक स्कोअर किती, आणि कठडा धरला होता का. यांतलं काही नसेल तर विचारून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आणि मूळ ईसीजीचे कागद जपून ठेवा, नुसतं शेवटचं पान नको. पुढच्या वेळी नव्या डॉक्टरांनी "आधीचं काही आहे का?" विचारलं, तर त्याच सातव्या मिनिटाची जुनी रेषा नव्या रेषेशेजारी ठेवून पाहता येते.